परक्या देवळाचं लाकूड

पहिला बाक तुळशीदासनं इतका सुरेख तासला, की त्याची नोकरी जायची वेळ आली.

बाक ओकच्या लाकडाचा. फ्रान्सहून कंटेनरमधून आला तेव्हा त्याची दशा बघवत नव्हती. बसायच्या फळीला ठिकठिकाणी खळगे, पुढच्या आडव्या पट्टीवर दोन-दोनच्या जोडीनं पडलेले खड्डे, पाठीच्या कडेवर कुणीतरी चाकूनं ओरखडलेलं. तुळशीदास एकोणीस वर्षं कुवेतमधल्या सुलैबियाच्या एका वर्कशॉपात होता, पण लाकडाची एवढी आबाळ त्यानं पाहिली नव्हती. त्यानं रंधा घेतला, खळगे सपाट केले, जिथं रंधा पोचेना तिथं पुटी भरली, पॉलिश पेपर मारून फळी आरशासारखी केली. रत्नागिरीकडच्या आंबेकोंडला त्याचा बाप गिऱ्हाइकाला एकच शब्द द्यायचा, नव्यासारखं करून देतो. पोरगाही तेच करत होता.

मग लेबनानी मादाम आली. दस्मानला समुद्राजवळच्या एका मोठ्या घरातली दिवाणिया, म्हणजे पुरुषमंडळींची बैठकीची खोली, ती सजवत होती. तिनं बाकावरून हात फिरवला आणि फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाली. शब्द कुणालाच कळले नाहीत, पण तिचं तोंड बघून सगळ्यांना कळलं.

ती गेल्यावर वेदांत आला. हा पुण्याचा पोरगा, वर्कशॉपात ड्रॉइंग काढायचा, मालकाचा उजवा हात.

"काका, हे काय करून ठेवलंत?"

"का? काय ऱ्हायलं?"

"काही राहिलं नाही, तेच तर. अहो, ते खळगे दोनशे वर्षं माणसं बसून पडलेले. त्या पट्टीवरचे खड्डे गुडघ्यांचे. त्यासाठीच तर मागवलं हे सगळं."

"झिजलेलं मागवलं?"

"झिजलेलंच."

तुळशीदासला काही उलगडेना. झिजलेलं घर कुणी मागवत नाही, झिजलेली चप्पल कुणी मागवत नाही. मग बाक का? पण त्यानं मान हलवली. आजूबाजूची पोरं घासायची सँडर यंत्रं बंद करून ऐकत होती आणि एकजण तोंड फिरवून हसत होता. हाताखालच्या पोरांसमोर बोलणी खायची म्हणजे अंगाची लाही लाही होते, तशी त्याची झाली. त्यात वेदांतनं हलक्या आवाजात शेवटचं सांगितलं. मालक म्हणालेत, आणखी एक अशी चूक झाली तर फोरमन बदलायचा.

फोरमन होता म्हणून बायको आणि मुलगी कुवेतमध्ये त्याच्याजवळ होत्या. साध्या सुताराच्या पगारावर कुटुंबाचा व्हिसा राहत नाही. पद गेलं की चारुशीला आणि जुईली विमानात बसणार आणि तो अब्बासियाच्या कुठल्यातरी खोलीत सहा जणांत आपली वळकटी टाकणार. जुईली यंदा दहावीला होती.

उरलेल्या अकरा बाकांना त्यानं नुसतं तेल लावलं. खळगा दिसला की हात आपोआप रंध्याकडे जायचा आणि तो हात मागं घ्यायचा. काम न करण्याचं काम त्याला एवढं जड कधी गेलं नव्हतं.

मे महिना होता. बाहेर धुळीनं सूर्य पिवळा पडला होता आणि वर्कशॉपच्या पत्र्याखाली लाकूड तडतडत होतं. फ्रान्सच्या ओलीत वाढलेलं ते लाकूड इथल्या कोरड्या हवेत आवळत होतं, आणि मधूनच कुठंतरी काड्कन वाजलं की पोरं दचकायची.

बाकांनंतर आली ती पेटी. पेटी कसली, खोलीच म्हणा. छताला टेकेल एवढी उंच, तिला तीन कप्पे. मधल्या कप्प्याला अर्धं दार आणि आत बसायची फळी. बाजूच्या दोन कप्प्यांना दारच नाही, खाली गुडघे टेकायला पायरी, आणि मधल्या कप्प्याशी जोडणारी एकेक लाकडी जाळी. वेदांतचं ड्रॉइंग सरळ होतं. मधल्या भिंती जाळीसकट कापायच्या, आत फळ्या मारायच्या, कॉफीची चोचीची भांडी आणि पेले ठेवायचं कपाट करायचं. बाहेरून मात्र जसंच्या तसं दिसलं पाहिजे. गुरुवारी दस्मानला पोचवायचं.

तुळशीदासनं पेन्सिल कानामागून काढली, खूण करायला वाकला, तेवढ्यात पॉलिशवाला पास्कल तिथं आला. पास्कल वसईचा, मराठी बोलणारा ख्रिस्ती माणूस. त्यानं पेटी बघितली, डोक्यावरची टोपी काढली आणि छातीवर क्रूस केला.

"ही कुठनं आणली रे?"

"त्याच फ्रान्सच्या मालात आली. का?"

"अरे, ह्यात कबुली देतात. मधी फादर बसतो. बाजूला माणूस गुडघ्यावर येतो आणि जाळीतनं आपली पापं सांगतो."

तुळशीदासचा हात पेन्सिलीसकट थांबला. "म्हंजे हे देवळातलं हाय?"

"मग तुला काय वाटलं, पोस्टातलं?"

"आणि ते बाक?"

"बाक पण देवळातलेच की. गुडघे कशाला टेकत होते, चपला शोधायला?"

आंबेकोंडला वाघजाईच्या पालखीचा मान त्याच्या सुताराच्या घराचा. पालखीचा दांडा ढिला झाला तरी गाऱ्हाणं घालून, देवीला सांगून, कौल घेतल्याशिवाय बाप खुंटीला हात लावायचा नाही. देवीच्या अंगाला दोन बाजूंना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर हत्यार खाली. आणि त्याच बापाच्या पोरानं देवाघरचा बाक, ना सांगता ना विचारता, रंधा मारून गुळगुळीत केला होता. मादामनं तोंड वाकडं केलं ते एक झालं. दुसरीकडे कुणी तोंड वाकडं केलं असेल, त्याचा विचार त्याला आता सुचला.

जेवणाच्या सुट्टीत त्यानं वेदांतला गाठलं.

"सर, ते देऊळ कुठल्या गावचं?"

वेदांतला मादामनं बरंच सांगितलं होतं आणि त्याला सांगायची हौसही होती. गाव लहानसं, चाळीस-पन्नास घरांचं. देऊळ आठशे वर्षांचं, पण आतलं सामान तेवढं जुनं नाही. फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली तेव्हा सरकारनं घंटा उतरवून नेली आणि तोफांसाठी वितळवली. देवळात गवत भरलं. पुढे दिवस पालटले, गवत काढलं, पण आत काही उरलं नव्हतं. मग गावातल्या घरांनी आपापल्या रानातला एकेक ओक दिला आणि गावच्याच सुतारानं बाक आणि ही पेटी केली. बाक घराघराचे ठरलेले. वर्षाला देवळात काहीतरी भरायचं आणि आपल्याच बाकावर बसायचं. एखादं घर बुडालं तर तो बाक देवळाच्या दारात लिलावाला निघायचा.

"म्हंजे मान," तुळशीदास म्हणाला. एवढं मात्र त्याला लगेच कळलं. "मग विकलं का?"

"पोरं कारखान्यांत गेली, शहरात गेली. म्हातारी उरली. चार गावांना मिळून एक फादर, तोही महिन्यातून एकदा. छप्पर गळायला लागलं. ते दुरुस्त करायला पंचायतीनं सामान विकलं."

"छप्पर झालं का दुरुस्त?"

"ते नाही माहीत."

"आणि देव? देवाला कुठं नेलं?"

वेदांत हसला. "काका, देव कुठे जाणार? तो सगळीकडेच असतो."

हे पुण्याला ठीक होतं. आंबेकोंडच्या सुताराला त्याचा उपयोग नव्हता. सगळीकडे असणाऱ्या देवाला गाऱ्हाणं कसं घालणार? गाऱ्हाण्याला गाव लागतं, गावाच्या सीमा लागतात, देवाचं नाव लागतं, मानकरी लागतात. पास्कलला विचारलं तर तो म्हणाला, सगळ्या देवळांत येशूच. आणि देऊळ बंद करताना बिशप काहीतरी प्रार्थना म्हणून ते मोकळं करतो, मग लाकूड नुसतं लाकूड.

"ह्याचं केलं होतं का मोकळं?"

"केलं असंल."

"असंल का केलं?"

"मी काय फ्रान्सचा बिशप आहे?" पास्कल वैतागला. पण पॉलिशचा बोळा घेऊन तो त्या पेटीच्या दुसऱ्या बाजूनं गेला, जवळून गेला नाही.

त्या संध्याकाळी कंपनीची बस तुळशीदासला अब्बासियाला सोडून गेली तेव्हा त्याच्या डोक्यात नुसता गुंता होता. घरात शिरतोय तोच गावाहून फोन. दत्ताराम गावकर, देवळाच्या कमिटीचा म्होरक्या, जोरात बोलत होता. मागं माणसांचा गलका. मे महिन्यात मुंबईचे सगळे चाकरमानी गावात, म्हणून बैठक भरली होती.

"तुळशी, देवळाचा नवा हॉल ठरला. सिमेंटचा, वर लाद्या. जुना लाकडी मंडप काढतोय. अलिबागेकडचा एक रिसॉर्टवाला खांब न्यायला तयार हाय. सगळ्या मानकऱ्यांनी होकार दिला. तुजा तेवढा बाकी."

"कौल घेतला काय?"

"घेतला की. देवीनं उजवी दिली. आता सुताराच्या घरचा होकार पायजे, तुज्या आज्यानं कोरलेले खांब हायत ना."

"बगतो," तुळशीदास म्हणाला.

"बगायचं काय त्यात?"

"बगतो आनि सांगतो."

चारुशीलानं पोळी तव्यावर टाकता टाकता सगळं ऐकलं होतं. बाकाचंही तिला ठाऊक होतं आणि पेटीचंही आत्ताच कळलं.

"अवो, कापून टाका आनि मोकळे व्हा. फ्रान्सचा देव कुवेतला येऊन तुमचं काय वाकडं करनार हाय?"

"आनि केलं तर?"

"आनि मालकानं केलं तर?" तिनं पोळी उलटली. "देव रागावला तर त्याच्या पाया पडता येतं. इथनं घालवलं तर जुईलीची शाळा कोण देनार? ह्या वर्षी? कुठल्या गावात नेऊन घालू तिला दहावीला?"

तुळशीदासनं मान खाली घातली आणि पोळीचा घास उगाच चावत बसला. बायको खोटं बोलत नव्हती. पण बापही खोटं वागत नव्हता, आणि दोघं एकाच माणसाच्या डोक्यात भांडत होती.

जुईली अभ्यासाच्या टेबलावर होती. तिच्या फोनमध्ये सगळं जग होतं, म्हणून त्यानं तिला वेदांतकडून पाठवून घेतलेलं गावाचं नाव दाखवलं.

"ह्या गावच्या देवळाचा देव कोन, बग जरा."

तिनं बघितलं. "सेंट मार्टिन, बाबा. ही वॉज अ सोल्जर. ही कट हिज क्लोक इन हाफ."

"मराठीत सांग बाय."

"म्हणजे... तो घोड्यावरून जात होता. एक भिकारी होता, थंडीत. मग त्यानं ते अंगावरचं... शालसारखं... ते कापलं. हाफ त्याला, हाफ स्वतःला."

"कशानं कापलं?"

"तलवारीनं."

घोड्यावरचा. म्हणजे राखणदार. गावाच्या सीमेवरून फिरणारा. एवढं ओळखीचं वाटलं आणि तुळशीदासला जरा बरं वाटलं. पण मग दुसरा विचार आला. देव स्वतःच कापणारा. त्यानं कापलं ते दुसऱ्याला द्यायला कापलं, आणि आपण कापणार ते कॉफीची भांडी ठेवायला. ह्यात होकार धरायचा की नकार? तो कुशीवर वळून वळून शेवटी कधीतरी झोपला.

सकाळी डबा उघडून बघायची त्याची सवय नव्हती. जेवणाच्या सुट्टीत उघडला तर वरच्या खणात ओल्या कापसात गुंडाळलेल्या जास्वंदीच्या दोन पाकळ्या होत्या. बाल्कनीतल्या कुंडीतल्या. चारुशीलानं सकाळी खुडलेल्या. तुळशीदासनं कापूस अलगद उचलून घेतला, भाजी तशीच राहिली.

गाऱ्हाण्याला एकटा माणूस चालत नाही. एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी होय महाराजा म्हणायचं, नाहीतर ते गाऱ्हाणं नव्हे, पुटपुटणं. पास्कलला विचारलं तर तो गोंधळला.

"देव माझा आणि गाऱ्हाणं तुझं? फादरला कळलं तर?"

"तू नुसता उभा ऱ्हा. तुज्या देवाला ओळखीचं कोन तरी दिसू दे."

हे पास्कलला पटलं असं नाही, पण तो उभा राहिला. होय म्हणायला झहूर आला. झहूर वर्कशॉपचा ट्रक चालवायचा, रत्नागिरीच्या खाडीकाठचा, तुळशीदासच्याच बाजूचा. त्याच्या गावात शिमग्याला पालखीपुढं मशाल धरायचा मान एका मुसलमान घराचा होता, त्याच्या चुलत्याचा.

"होय म्हणतो मी," झहूर म्हणाला. "पण हळू म्हण. मालकानं ऐकलं तर तिघंही एकाच विमानात."

वर्कशॉप रिकामं होतं. पोरं सावलीत जेवायला गेली होती. तुळशीदासनं पाकळ्या पाण्यात बुडवल्या, एक पेटीच्या उजव्या खांबाला चिकटवली, एक डाव्या. चपला काढल्या. सिमेंट तापलं होतं, पाय भाजत होते. त्यानं हात जोडले, आणि आवाज बारीक ठेवला तरी चाल आपोआप बापाचीच लागली.

"हे देवा मार्टिना, घोड्यावरच्या राखणदारा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," झहूर म्हणाला.

"तू फ्रान्सच्या गावचा, तुज्या चार सीमा आमाला ठावक नाय, तुजे मानकरी आमाला ठावक नाय, जे कोन हायत ते इथं हजर हायत असं समज, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तुजं गाव उठलं, तुजं छप्पर गळलं, तुज्या लोकांनी तुजं लाकूड विकलं. आमी नाय विकलं, म्हाराजा. आमी मजुरीची माणसं. एक बाक माज्या हातून न सांगता तासला गेला, ती चूक पोटात घाल. आता ही पेटी कापायची पाळी माज्यावर आलीय. पोराबाळांसाठी करतोय, म्हाराजा. उजवी देशील तर हात लावीन."

"व्हय म्हाराजा," झहूर म्हणाला, आणि पास्कलच्या तोंडूनही हळूच आमेन निघालं.

तिघं बघत राहिले. पाकळ्या हलेनात. ते कोरडं लाकूड पाण्याला असं हपापलेलं, की त्यानं पाकळ्यांतलं पाणी पिऊन टाकलं आणि दोन्ही पाकळ्या डिंकानं चिकटवल्यासारख्या बसल्या.

"दोन्ही धरून ठेवल्यात," झहूर म्हणाला. "म्हणजे काय?"

"म्हंजे देव बोलत नाय."

"त्याला आपली भाषा कळली नसंल," पास्कल म्हणाला.

पोरं जेवून परतली, यंत्रं सुरू झाली. तुळशीदासनं दिवसभर दुसरी दारं केली, पण डोळा पेटीवर. संध्याकाळी बसमध्ये चढेपर्यंत दोन्ही जागच्या जागी.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर दोन्ही नाहीत. खांब स्वच्छ. झाडूवाला बांगलादेशी आपला कोपऱ्यात झाडत होता. तुळशीदास धावत त्याच्याकडे गेला.

"यहाँ दो फूल था, किसने निकाला?"

"नीचे गिरा था. झाडू मारा."

"पहले कौन सा गिरा? इधर का या उधर का?"

झाडूवाल्यानं त्याच्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं, कचऱ्याच्या डब्याकडे बघितलं. फोरमनचं डोकं उन्हानं फिरलंय एवढंच त्याला समजलं असावं. "दोनो नीचे था," तो म्हणाला आणि पुन्हा झाडायला लागला.

म्हणजे देवानं उत्तर दिलं होतं आणि ते झाडूनं गेलं होतं. की दिलंच नव्हतं? तुळशीदास डब्याशी उभा राहिला. त्याला क्षणभर वाटलं की डबा उपसून बघावं, पण कचऱ्यात सापडलेली पाकळी उजवी की डावी हे कुठला बाप सांगणार होता?

तेवढ्यात वेदांत आला. पेटीवर पेन्सिलीची एक रेघही नाही हे त्यानं बघितलं.

"काका, उद्या गुरुवार. अजून हात लावला नाहीत? मी मालकांना काय सांगू?"

"आज करतो."

"करता ना? नाहीतर मी दुसऱ्याला देतो. मला तुमच्याबद्दल वाईट वाटतंय, पण—"

"करतो म्हटलं ना, सर."

वेदांत गेला. तुळशीदासनं हत्यारं मांडली. करवतीला हात लावायच्या आधी जे कापावं लागत नाही ते उतरवावं, म्हणून मधल्या कप्प्यातली फादरच्या बसायची फळी धरली. ती लाकडी खुंट्यांवर होती. एकेक खुंटी त्यानं मागून ठोकून काढली. खुंट्या हातानं घडवलेल्या, चौकोनी, जरा वाकड्या. त्याच्या बापानं घडवल्या असत्या तर अशाच झाल्या असत्या. फळी सुटली. त्यानं ती उलटी करून टेबलावर ठेवली आणि तो मागं सरकला.

फळीची खालची बाजू निळी होती. फिकट, धुळकट, पण निळी, आणि त्यावर सोनेरी ठिपके, चांदण्या असाव्यात तशा. मधोमध कोरीव काम. एक पंख, पिसं न् पिसं कोरलेली, आणि गालाचा थोडासा भाग, एक डोळा. नाकापासून पुढं काही नव्हतं. तिथं फळी सरळ कापलेली होती.

त्यानं पास्कलला हाक मारली. पास्कल आला, झहूरही आला.

"एंजल आहे," पास्कल म्हणाला.

"फरिश्ता," झहूर म्हणाला.

"अर्धाच हाय," तुळशीदास म्हणाला. त्यानं कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. करवतीचे दात तिरके उमटलेले, मध्ये एका गाठीशी करवत अडखळलेली, परत धरून पुढं नेलेली. कडेचं लाकूड काळं पडलेलं. हा काप आजचा नव्हता, पेटी केली तेव्हाचा होता.

घंटा नेली, आत गवत भरलं, गवत काढलं तेव्हा काही उरलं नव्हतं, असं वेदांत म्हणाला होता. काहीतरी उरलं असणार. मोडलेलं, पडलेलं, जुन्या देव्हाऱ्याचं. आणि गावच्या सुतारापुढं ते आणून टाकलं असणार. त्याच्याकडंही कुणीतरी पेटी मागितली असणार, त्याच्याही घरी कुणीतरी पोळी उलटता उलटता काहीतरी म्हणालं असणार. त्यानं विचारलं होतं का कुणाला? त्याला उत्तर मिळालं होतं का? फळी काही सांगत नव्हती. एवढंच दिसत होतं की त्यानं देवदूताच्या नाकावरून करवत चालवली, आणि मग ते टाकलं नाही, जाळलं नाही. रंगीत बाजू खाली करून फादरच्या बुडाखाली ठेवलं, कुणाला दिसणार नाही असं, आणि वर चौकोनी खुंट्या ठोकल्या. दोनशे वर्षं माणसं त्या पेटीत आपल्या चुका सांगत होती आणि सुताराची चूक तिथंच पडून होती.

तुळशीदास खाली बसला. होकार होता की नाही हे त्याला अजूनही कळलं नव्हतं. पण आपण पहिले नाही हे कळलं, आणि छातीवरचं ओझं थोडं सरकलं. पुरतं उतरलं नाही.

"काय करतंस?" झहूरनं विचारलं.

"कापतो," तुळशीदास म्हणाला. "तू जरा तिकडनं धर."

करवत यंत्राची होती, पण जाळीचा भाग त्यानं हातकरवतीनं कापला. वेळ लागला. घाम डोळ्यांत जात होता, ओकची धूळ कडवट, ती नाकातोंडात. पास्कलनं दुसऱ्या बाजूनं जाळी झेलली, ती खाली पडू दिली नाही. मग ड्रॉइंगप्रमाणे फळ्या बसवल्या. दोन्ही जाळ्या ड्रॉइंगात कुठेच नव्हत्या, त्या भंगारात जायच्या होत्या. तुळशीदासनं त्या कपाटाच्या पाठीला आतून बसवल्या, फळ्यांच्या मागं. निळी फळी सगळ्यात खालचा कप्पा म्हणून लावली, रंगीत बाजू खालीच, जशी त्या जुन्या सुतारानं ठेवली होती तशी. खुंट्याही त्याच वापरल्या.

गुरुवारी झहूरच्या ट्रकमधून कपाट दस्मानला गेलं, बरोबर तुळशीदासही. मादामनं दार उघडलं, बंद केलं, बाहेरच्या झिजलेल्या पायरीवरून हात फिरवला आणि ह्या वेळी हसली. घरातला म्हातारा काठी टेकत आला. त्यानं आत वाकून पाठीची जाळी बघितली आणि झहूरला अरबीत विचारलं, ही कशाला?

झहूर अडला. त्यानं तुळशीदासकडे बघितलं. तुळशीदासला अरबी जेमतेम यायची आणि हे सांगायला तर मराठीही पुरली नसती.

"हवा लागायला," झहूर म्हाताऱ्याला म्हणाला. म्हाताऱ्यानं मान डोलावली. चांगलं आहे, तो म्हणाला, हवा लागली पाहिजे.

परतताना वेदांतचा फोन आला. मालक खूश, पुढचं मोठं कामही तुमच्याकडेच, काका. तुळशीदास बरं म्हणाला. चारुशीला आणि जुईली राहणार होत्या. त्याला मनापासून आनंद झाला, हे खरंच. पण त्या आनंदात कुसळासारखं काहीतरी खुपत होतं आणि ते कुठं आहे ते बोटाला सापडत नव्हतं.

घरी पोचला तर गावकराचा फोन वाजतच होता.

"अरे, काय हे? उद्या ट्रक येतोय खांब न्यायला. होकार देतंस का नाय?"

"खांब कापणार हायत का तिकडं?"

"कापतील नायतर ठेवतील. त्यांच्या बारचा काउंटर का काय करायचाय. आपल्याला काय करायचं?"

"कोन सुतार करनार हाय?"

"ते मला काय म्हायत? असंल कोन तरी. बिहारचा असंल, राजस्थानचा असंल."

"त्याचा नंबर घ्या."

"कशाला?"

तुळशीदासनं चारुशीलाकडे बघितलं. तिनं गॅस बारीक केला होता. जुईलीनं कानातले इअरफोन काढून ठेवले होते.

"त्याला सांगायचं हाय. गावाचं नाव आंबेकोंड, देवी वाघजाई, खांब माज्या आज्यानं कोरले. सीमा सांगायच्या, मानकरी सांगायचे. सगळं सांगायचं."

"तुळशी, येडा झालास काय? तो कशाला विचारतोय हे?"

"विचारनार नाय," तुळशीदास म्हणाला. "पन करवत घेऊन उभा ऱ्हाईल. कोनाला हाक मारायची ते त्याला कळनार नाय."

पलीकडे गलका होता. कुणीतरी गावकराला जेवायला बोलवत होतं. "आनि होकाराचं काय?" तो म्हणाला.

"आदी नंबर द्या," तुळशीदास म्हणाला. "त्याच्याशी बोललो की होकार देतो."